दुकानात मऊ, रस्त्यावर सपाट

गुडघा किंवा टाच दुखते म्हणून कुणी माझ्याकडे आलं, की मी आधी पाय पाहत नाही, बूट पाहते. ‘बूट काढून टेबलावर ठेवा’ म्हटलं की माणसं संकोचतात. पादत्राणं आणि टेबल ही जोडी आपल्याला पटत नाही. म्हणून मी आधी वर्तमानपत्राचा कागद पसरते. दोन्ही बूट टाचा माझ्याकडे करून शेजारी शेजारी ठेवते आणि डोळा टेबलाच्या पातळीला आणून मागून पाहते. पेशंट सांगायला विसरलेल्या कितीतरी गोष्टी तिथे दिसतात.

त्या दिवशी कागदावर होते ते पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या एका काकूंचे बूट. काकूंचं वय 58, वजन 96 किलो. गुडघे दुखायचे, आणि सकाळी अंथरुणातून उठून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुरी खुपसल्यासारखं व्हायचं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ‘वजन कमी करा, रोज अर्धा तास चाला.’ मुलाने कौतुकाने महागडे बूट आणून दिले होते. जेमतेम तीन महिन्यांपूर्वीचे.

“लोण्यासारखे मऊ आहेत हो,” काकू म्हणाल्या. “दुकानात घातले तेव्हा ढगावर उभं राहिल्यासारखं वाटलं.”

मागून पाहिलं तर दोन्ही बूट आतल्या बाजूला कलले होते. वरचं कापड ठीक, तळाच्या रबराची नक्षीही शाबूत. पण मधल्या जाड पांढऱ्या थरावर टाचेपाशी आडव्या सुरकुत्या पडल्या होत्या. मी तिथे अंगठा दाबला. आत काही गेलं नाही. दबायला आत काही उरलंच नव्हतं.

“म्हणजे बूट फसवे निघाले?”

“नाही काकू. बूट चांगलेच आहेत. फक्त ते तुमच्या वजनासाठी केलेले नव्हते.”

चूक काकूंची नव्हती, मुलाचीही नव्हती. नव्याने काम सुरू केलं तेव्हा मीसुद्धा जड अंगाच्या पेशंटना हाच सल्ला द्यायचे, ‘सगळ्यात मऊ मिळतील ते घ्या.’ वजन जास्त म्हणजे दणका जास्त, आणि दणका जास्त म्हणजे गादी जास्त मऊ हवी, असा सरळ हिशेब. तो कुठे चुकतो, हे समजून घ्यायचं तर आधी पाऊल आणि वजन यांचं गणित पाहू.

एका पावलाचे किती किलो?

100 किलोचा माणूस वजनकाट्यावर स्थिर उभा राहतो तेव्हा काटा 100 दाखवतो. चालताना मात्र प्रत्येक पावलागणिक शरीर किंचित वर जातं आणि खाली येतं, आणि सगळं वजन आळीपाळीने एकेका पायावर पडतं. साध्या चालण्यात जमीन पायाला जो उलटा जोर देते तो वजनाच्या सुमारे 1.2 पट भरतो. धावताना तो दुपटी-तिपटीच्या घरात जातो. म्हणजे 100 किलोचा माणूस चालताना एका पायावर 120 किलो झेलतो आणि धावायला लागला तर 250 किलोच्या आसपास.

आता रोजची 6,000 पावलं धरा, म्हणजे एका पायाची 3,000. प्रत्येकी 120 किलो. बेरीज 3,60,000 किलो, अर्थात 360 टन. दोन आसांचा मालाने भरलेला ट्रक साधारण 18 टनांचा असतो. तसे वीस ट्रक, एकामागून एक, एका बुटावरून, एका दिवसात. हे सगळं वजन एकदम पडत नाही म्हणून बूट टिकतो, पण टिकतो याचा अर्थ तो थकत नाही असा नाही.

गुडघ्याचा हिशेब याहून कडक आहे. अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठातल्या स्टीफन मेसियर यांच्या गटाने 2005 मध्ये एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. गुडघ्याची झीज झालेल्या जाड माणसांचं वजन एक किलोने उतरलं, की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने उतरतो. पाच किलो वजन उतरलं तर पावलामागे वीस किलो. या आकड्याने पेशंटचे डोळे चमकतात. पण वजन उतरवायला चालायचं, आणि चाललं की दुखतं, ही खरी कोंडी. बुटाचं काम या कोंडीतच सुरू होतं. चांगला बूट वजन घटवत नाही, झिजलेला गुडघा भरून काढत नाही. चौथ्या दिवशी ‘नको गं बाई ते चालणं’ असं वाटू देत नाही, इतकंच तो करतो. पण बहुतेकांचं चालणं त्या चौथ्या दिवशीच बंद पडतं.

फोमची गादी

स्पोर्ट्स शूजचे ढोबळ तीन मजले असतात. खाली जमिनीला घासणारं रबर, म्हणजे आउटसोल. वर पायाला धरून ठेवणारं कापड, म्हणजे अपर. आणि मधे फोमचा जाड थर, म्हणजे मिडसोल. पैसे मोजतो ते मिडसोलचे, आणि दुकानात सगळ्यात कमी पाहतो तेही मिडसोलच.

1970च्या दशकापासून हा मधला मजला बहुतेक वेळा इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट, म्हणजे ‘ईव्हीए’ नावाच्या फोमचा असतो. हलका, स्वस्त, हव्या त्या आकारात ओतता येणारा. भिंगातून पाहिलं तर तो मधमाश्यांच्या पोळ्यासारखा दिसतो; बारीक बारीक बंद कप्पे आणि प्रत्येकात कोंडलेला वायू. पाऊल पडलं की कप्प्यांच्या भिंती वाकतात, वायू दबतो. पाऊल उचललं की सगळं पुन्हा फुगतं. मात्र पूर्ण फुगत नाही. हजारो पावलांनंतर भिंती दुमडलेल्याच राहतात, वायू हळूहळू झिरपून जातो आणि थर कायमचा बसतो.

कापसाची गादी अशी बसली की आपण पिंजाऱ्याला बोलावतो. कापूस पिंजला की गादी पुन्हा टम्म. फोम पिंजता येत नाही.

अति मऊ फोमची मेख इथेच आहे. साठ किलोच्या माणसाखाली तो अर्धा दबतो आणि उरलेल्या अर्ध्यात दणका जिरवतो. शंभर किलोखाली तोच फोम पहिल्याच झटक्यात तळ गाठतो. तळ गाठलेला फोम म्हणजे लाकडी पाट. शिवाय तो सगळीकडे सारखा दबत नाही. ज्या बाजूला भार जास्त, तिथे जास्त खचतो. बहुतेक जड माणसांच्या पायाची कमान भाराने खाली आलेली असते, म्हणून आतली बाजू आधी खचते, बूट आत कलतो, त्याच्यामागे घोटा, घोट्यामागे गुडघा. काकूंचे बूट टेबलावर हेच सांगत होते.

दुकानातली ‘मेमरी फोम’ नावाची गुबगुबीत आतली गादी तर आणखी फसवी. ती मिडसोल नव्हेच, वर टाकलेली पातळ चादर. पाय घातल्याबरोबर सुख देते आणि आठवडाभरात पायाच्या आकाराची होऊन निजते.

म्हणून जड अंगाच्या माणसाने मिडसोल जरा घट्ट बघावा. दगडासारखा नव्हे. अंगठ्याने जोर लावल्यावर थोडा आत जाणारा आणि अंगठा काढताच बाहेर येणारा. ईव्हीएमध्येही दाट आणि विरळ असे प्रकार असतात. पॉलियुरेथेन, म्हणजे ‘पीयू’, वजनाला जड पण दमाने टिकणारा. 2013 मध्ये आदिदासने बीएएसएफ या रसायन कंपनीच्या साथीने ‘बूस्ट’ आणला, तो थर्मोप्लास्टिक पॉलियुरेथेनचे दाणे फुलवून एकमेकांना चिकटवलेला फोम. जवळून पाहिला तर साबुदाण्याच्या पापडासारखा दिसतो. हा प्रकार ईव्हीएपेक्षा उशिरा बसतो. नावं पाठ करायची गरज नाही. हातात घेतल्यावर बूट पिसासारखा हलका लागला, तर एवढा हलका फोम आपलं वजन किती महिने वाहील, हा प्रश्न मनात यावा, पुरे.

संशोधन काय म्हणतं

‘मऊ बरं की टणक?’ यावर लक्झेंबर्गमध्ये लोरां मालिसू यांच्या गटाने एक मोठी चाचणी केली. हौसेने धावणाऱ्या 848 जणांना बूट दिले. दिसायला एकसारखे, पण काहींचा मिडसोल मऊ आणि काहींचा टणक. कुणाला कोणता मिळाला हे त्यांना ठाऊक नव्हतं. सहा महिने दुखापतींची नोंद ठेवली. 2020 मध्ये निकाल छापून आला. एकंदरीत टणक बूटवाल्यांना जास्त दुखापती झाल्या. इथे थांबलो तर मऊ बूट जिंकले. पण वजनाप्रमाणे दोन गट पाडले तेव्हा चित्र पालटलं. मऊपणाचा ठळक फायदा हलक्या धावपटूंना झाला होता. जड गटात मऊ आणि टणक यांच्यात खात्रीलायक फरक दिसला नाही. ‘वजन जास्त तर गादी मऊ’ हा सरळ हिशेब, सुरुवातीला मीही सांगायचे तो, इथे अडखळला.

दुसरी चाचणी धावणाऱ्यांवर नव्हती, माझ्या काकूंसारख्यांवर होती. मेलबर्न विद्यापीठात केड पॅटरसन आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याची झीज झालेले 164 पेशंट घेतले. निम्म्यांना सपाट, लवचिक बूट. निम्म्यांना भक्कम, आधार देणारे. 2021 मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी चालतानाचं दुखणं लक्षात येण्याजोगं कमी झालेल्यांचं प्रमाण भक्कम बूटवाल्यांत 58 टक्के, सपाट बूटवाल्यांत 40 टक्के. शिवाय सपाट बूटवाल्यांत घोटा आणि पाऊल दुखण्याच्या तक्रारी जास्त. त्या काळात ‘अनवाणी चालल्यासारखे’ पातळ बूट फॅशनमध्ये होते आणि ते गुडघ्याला बरे असं मानणारेही बरेच होते. पेशंटच्या अनुभवाने उलटं सांगितलं.

तिसरी गोष्ट मात्र बूट विकणाऱ्यांना आवडणार नाही. ओला पाय कागदावर उमटवायचा, कमान सपाट की उंच हे पाहायचं आणि त्यावरून बुटाचा प्रकार ठरवायचा, ही पद्धत फार लोकप्रिय आहे. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन्समध्ये हजारो नव्या भरतीवर ती तपासली गेली. कमानीप्रमाणे बूट दिलेल्यांच्या दुखापती इतरांपेक्षा कमी झाल्या नाहीत. कॅलगरी विद्यापीठातले बेनो निग बुटांवर अनेक दशकं काम करत आले आहेत. पायाला जो बूट चालताना सुखाचा वाटतो तो निवडू द्या, हे त्यांचं म्हणणं. मी त्यात एक शब्द वाढवते. *चालताना* सुखाचा, बाकावर बसून नव्हे.

नंबर म्हणजे अर्धीच गोष्ट

“माझा नंबर सात.” हे आपण जन्मतारखेसारखं सांगतो. हा सात येतो इंग्रजी पद्धतीतून. त्यात एका नंबराचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, साडेआठ मिलिमीटरच्या आत-बाहेर. पूर्वी इंग्लंडात जवाच्या दाण्याच्या लांबीवरून इंच मोजत. तीन दाणे म्हणजे एक इंच. आपला पाय आजही त्या जवाच्या दाण्यावर मोजला जातो. पण दाणा मोजतो फक्त लांबी. रुंदी मोजत नाही.

वजन वाढलं की पाय पसरतो. कमान उतरते, चवडा रुंदावतो, पाय लांबीलाही थोडा वाढतो. वीस वर्षांपूर्वीचा नंबर आज खरा नसतो. आणि रुंद पायाला सातचा बूट चावला की दुकानदार आठचा काढतो. इथे घोटाळा सुरू होतो. आठच्या बुटात चवडा मावतो खरा, पण बूट जिथे वाकायला हवा ती रेघ पुढे सरकते. पाय बोटांच्या मुळाशी वाकतो, बूट त्याच्या पुढे. टाच मागे सटकते, बोटं पुढे पकड घ्यायला धडपडतात. दहा मिनिटांत पोटरी दमते.

यावरचा खरा तोडगा रुंदीचा बूट. अमेरिकेत 1920च्या दशकात सिरॅक्युज गावच्या चार्ल्स ब्रॅनॉक यांनी सरकत्या पट्ट्यांचं धातूचं माप तयार केलं, त्यावर लांबी आणि रुंदी एकदमच मोजता येते. बॉस्टनमध्ये 1906 साली विल्यम रायली यांनी कमानीला आधार देणाऱ्या पट्ट्या विकायला सुरुवात केली. दिवसभर उभं राहून काम करणारे लोक त्यांचे गिऱ्हाईक. ती कंपनी म्हणजे न्यू बॅलन्स. 1960 च्या सुमारास तिने ‘ट्रॅकस्टर’ हा धावायचा बूट वेगवेगळ्या रुंदीत काढला. आजही अनेक कंपन्यांच्या बुटांवर रुंदीची अक्षरं असतात. पुरुषांची नेहमीची रुंदी ‘डी’, त्याहून रुंद ‘टू-ई’, आणखी रुंद ‘फोर-ई’. बायकांची नेहमीची ‘बी’, आणि त्यांच्यासाठी ‘डी’ म्हणजेच रुंद. खोक्याच्या कडेवरच्या चिठ्ठीवर हे अक्षर शोधा.

दुकानात बायकांचा रुंद बूट मिळाला नाही, तर निःसंकोच पुरुषांच्या कपाटाकडे जावं. इंग्रजी पद्धतीत पुरुष आणि बायकांचे नंबर लांबीला सारखेच असतात, आणि पुरुषांचा साधा बूट बायकांच्या रुंद बुटाइतका रुंद असतो. टाच किंचित सैल पडेल. ती नाडीने आवळता येते. काकूंना हे सांगितलं तेव्हा त्या हसून म्हणाल्या, “म्हणजे आता ह्यांचे बूट घालून फिरू?” शेवटी त्यांनी तेच केलं, फक्त निळ्याऐवजी राखाडी रंग निवडला.

भारतीय पायाचं स्वतःचं माप असावं म्हणून चेन्नईच्या केंद्रीय चर्मसंशोधन संस्थेने डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशभरात 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त लोकांचे पाय मोजले. आपले पाय युरोप-अमेरिकेतल्या पायांपेक्षा सर्वसाधारणपणे रुंद आहेत, असं त्यातून पुढे आलं. रुंदीसाठी लांब बूट घ्यायची सवय आपल्याला का लागली, ते यात आलंच. या पाहणीवरून ‘भा’ नावाची नवी मापपद्धत सुचवली गेली आहे. ती दुकानात रुळेपर्यंत रुंदी आपली आपणच बघायची.

दुकानातली पंधरा मिनिटं

बूट घ्यायला संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय सुजतो, जड माणसांचा जास्तच. सकाळी बरोबर बसलेला बूट रात्री जाच करतो. रोजचे मोजे आणि जुने बूट बरोबर न्यावेत.

आधी रिकामा बूट तपासा. टाचेभोवतीची मागची भिंत दोन बोटांनी चिमटा. ती कोलमडली तर बूट खाली ठेवा. टाचेला धरून ठेवणारी भिंत हीच. मग एक हात टाचेला, एक पुढे, आणि ओला टॉवेल पिळतो तसा बूट पिळा. थोडा पीळ चालेल, पण कापडासारखा पिळला जाणारा बूट पायही तसाच पिळू देईल. आता पुढून वाकवा. तो बोटांच्या मुळाशीच वाकला पाहिजे, मधोमध घडी पडता कामा नये. बूट उलटा करून तळाची रुंदी पाहा. कमानीखाली कंबर फार बारीक झालेले किंवा उंच मऊ थरावर अरुंद तळ असलेले शर्यतीचे बूट जड माणसासाठी नव्हेत. शेवटी, टाचेच्या बाहेरच्या कडेला टणक रबर आहे ना, हे पाहा. पाऊल तिथेच आधी टेकतं, झीज तिथूनच सुरू होते.

मग आतली गादी बाहेर काढा, जमिनीवर ठेवा आणि तिच्यावर उभे राहा. पाय कडेबाहेर सांडत असेल, तर तो बुटाच्या कापडालाही बाहेर ढकलणार, आणि करंगळीपाशी कापड फाटणार. जड माणसांचे बूट बहुधा तिथेच उसवतात. एका अखंड विणलेल्या पातळ जाळीपेक्षा कडेने शिवलेली किंवा चिकटवलेली पट्टी असलेलं कापड बरं.

आता घाला, दोन्ही पायांत. एक पाय दुसऱ्यापेक्षा मोठा असतोच. माप मोठ्या पायाचं. उभं राहिल्यावर सगळ्यात लांब बोटापुढे अंगठ्याच्या नखाएवढी जागा हवी. आणि चाला. दुकानदार आरशाकडे बोट दाखवील. तुम्ही दाराकडे चला. गालिच्यावर सगळेच बूट गोड वाटतात, म्हणून फरशीवर चाला, जिना असेल तर चढा-उतरा. दहा मिनिटं. ‘घालून घालून सैल होतील’ असं सांगितलं तर परत ठेवा. चांगला स्पोर्ट्स शू पहिल्या दिवशीच बसतो.

टाच सटकत असेल, तर नाडीची वरची दोन भोकं पाहा. सगळ्यात वरचं जादाचं भोक बहुतेक लोक रिकामं सोडतात. दोन्ही बाजूंना नाडीचं छोटं कडं करून, समोरच्या टोकाला त्या कड्यातून ओवून आवळलं, की टाच जागेवर बसते.

वाकून नाडी बांधणं पोट मोठं असलेल्यांना अवघड जातं. हे कुणी बोलत नाही, आणि मग नाडी एकदाच सैल बांधून बूट चपलेसारखे पायात सरकवले जातात. मागची भिंत चुरडते, बुटाचा अर्धा जीव तिथेच जातो. लांब दांड्याचं शूहॉर्न आणि लवचिक नाड्या घेतल्या, की हा प्रश्न मिटतो. शूहॉर्न नसेल तर जुन्या चमच्याचा मागचा भागही चालतो, आजोबांच्या काळापासून चालत आला आहे.

ज्या पायाला कळत नाही

आतापर्यंत मी ‘पायाला विचारा’ म्हणत आले. एका गटाने मात्र पायावर विश्वास ठेवायचा नाही. बरीच वर्षं मधुमेह असलेल्या कित्येकांच्या तळव्याची संवेदना हळूहळू जाते. डॉक्टर नायलॉनचा एक बारीक तंतू तळव्याला टेकवतात. तो 10 ग्रॅमच्या दाबाला वाकतो. तो स्पर्श कळला नाही, तर बूट चावलेलाही कळणार नाही.

हे ज्ञान आपल्याच देशात घडलं. 1946 मध्ये वेल्लोरला आलेले शल्यचिकित्सक पॉल ब्रँड कुष्ठरुग्णांवर काम करत होते. पायाचं मांस आपोआप झडतं, हा तेव्हाचा समज. त्यांनी दाखवून दिलं की वेदना कळत नसल्यामुळे रुग्ण जखमेवरच चालत राहतो आणि त्यातून पाय जातो. त्यातून मऊ मायक्रोसेल्युलर रबराच्या, म्हणजे ‘एमसीआर’च्या चपला आल्या. पुढे तेच शहाणपण मधुमेही पायांच्या कामी आलं.

अशा पेशंटने बूट स्वतःच्या अंदाजाने घेऊ नयेत. डॉक्टरांना पाय दाखवूनच घ्यावेत. रोज घालण्याआधी आत हात फिरवावा. खडा, शिवणीची गाठ, नातवाने टाकलेलं खेळण्याचं चाक, काहीही असू शकतं. आणि उन्हाळ्यात देवळाच्या तापलेल्या फरसावर अनवाणी चालू नये. देव समजून घेईल, फोड समजून घेत नाही.

उंबरठ्याच्या आत

काकू रोज अर्धा तास चालायच्या, पण आठ तास स्वयंपाकघरात कडप्प्याच्या ओट्यापुढे उभ्या असायच्या. अनवाणी, गुळगुळीत फरशीवर. टाचेच्या दुखण्याचं खरं मूळ तिथे होतं. तळव्याच्या पट्ट्याला सूज येऊन होणारी ही टाचदुखी जाड माणसांना फार छळते. 2003 च्या एका अमेरिकी अभ्यासात बीएमआय 30 च्या वर असलेल्यांत तिचा धोका पाचपटींहून जास्त आढळला होता.

“घरात बूट? आणि तेही स्वयंपाकघरात?” काकूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. “सासूबाई असत्या तर मलाच बाहेर काढलं असतं.”

तडजोड निघाली. टाचेला पट्टा असलेली, जाड तळाची, धुता येणारी सँडल, उंबरठ्याबाहेर एकदाही न गेलेली. तिला काकू ‘घरची’ म्हणू लागल्या. पाहुण्यांसमोर लपवायच्या. महिन्याभराने लपवणं थांबलं, कारण केंद्रातल्या दोघी मदतनीस बायकांनीही तशाच आणल्या होत्या.

बुटाचं वय

धावायच्या बुटांना सर्वसाधारणपणे 500 ते 800 किलोमीटरचं आयुष्य देतात. जड माणसाने खालचा आकडा धरावा. रोज चार किलोमीटर चाललात तर 500 किलोमीटर सव्वाशे दिवसांत होतात, चार महिने. तळाचं रबर तेव्हाही नवं दिसेल, पण रबराकडे पाहायचं नाही, मिडसोलवरच्या सुरकुत्यांकडे पाहायचं. दोन जोड आलटून पालटून वापरले तर फोमला फुगायला वेळ मिळतो आणि घामही वाळतो.

पावसाळ्यात भिजलेले बूट उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नयेत. उष्णतेने ईव्हीए आकसतो. आतली गादी काढावी, वर्तमानपत्राचे बोळे भरावेत, पंख्याखाली ठेवावेत. आणि पीयूचे बूट माळ्यावर ‘जपून’ ठेवू नयेत. दमट हवेतल्या पाण्याने पीयू आतून तुटत जातो. सात वर्षांनी ट्रेकला काढलेल्या बुटाचा सोल गडाच्या अर्ध्या चढावर भुग्यासारखा सांडतो, ते याचमुळे. बूट न वापरल्याने वाचत नाही.

मी प्रत्येकाला एकच घरचा अभ्यास देते. नवा बूट आणला की नाडीखालच्या जिभेच्या आतल्या बाजूला बॉलपेनने तारीख लिहायची.

पाच महिन्यांनी काकू परत आल्या. वजन 91. टाच जवळजवळ गप्प झाली होती, गुडघा अधूनमधून बोलायचा. मी म्हणायच्या आधीच त्यांनी पिशवीतून वर्तमानपत्र काढलं, टेबलावर पसरलं आणि राखाडी बूट त्यावर ठेवले, टाचा माझ्याकडे करून. जिभेवरची तारीख दाखवली. मग स्वतः खाली वाकून मागून पाहिलं, टाचेपाशी अंगठा दाबला, काढला, पुन्हा दाबला.

“उजवा अजून उठतोय,” त्या म्हणाल्या. “डावा बसला. नवे घ्यायचे ना आता?”

मुलाला त्यांनी बरोबर आणलं नव्हतं. दुकानात, म्हणाल्या, मी एकटीच जाईन. पंधरा मिनिटं लागतात, त्याला कंटाळा येतो.